थायरॉइड नेत्रविकार आणि मागे रेंगाळणारी लक्षणे

थायरॉइड नेत्रविकार म्हणजे थायरॉइडच्या ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या) आजाराबरोबर डोळ्यांच्या खोबणीत होणारा दाह. वरची पापणी वर ओढली जाते, डोळे पुढे येतात, चुरचुरतात, त्यांतून पाणी वाहते आणि काहींना एकाचे दोन दिसू लागते. दहातल्या साधारण नऊ रुग्णांत मूळ ग्रेव्हज आजारात असते, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असतो. उरलेल्यांत थायरॉइड मंद असतो, किंवा त्याचे सगळे रिपोर्ट चक्क नॉर्मल असतात. 'थायरॉइड ताब्यात आला की डोळे आपोआप आत जातील' ही समजूत सर्वत्र आढळते, आणि रुग्णाचा सर्वाधिक अपेक्षाभंग तीच करते. डोळ्यांचा आजार स्वतःच्या वेळापत्रकाने चालतो.

डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीत मर्सेबर्गचे कार्ल फॉन बेसडो यांनी १८४० मध्ये ग्रेव्हज आजाराचे वर्णन केले. गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे हे त्रिकूट बेसडो यांनी मांडले. जर्मन भाषेत आजही हा 'बेसडोचा आजार' आहे. खाली पाहताना वरची पापणी मागे रेंगाळते, त्या चिन्हाला बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचे नाव आहे. ग्रेव्हज आणि ग्रेफे ही नावे जवळची, माणसे मात्र वेगळी.

टीएसएच हा थायरॉइडला काम करायला लावणारा हार्मोन. ग्रेव्हज आजारात शरीर त्याच्या ग्राहकाविरुद्ध (पेशीवरच्या रिसेप्टरविरुद्ध) प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते. हाच ग्राहक डोळ्यामागच्या तंतुपेशींवरही असतो. प्रतिपिंडांनी डिवचलेल्या या पेशी पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ बनवतात, चरबी वाढते आणि डोळा हलवणारे स्नायू जाड व ताठर होतात. डोळ्याची खोबण म्हणजे हाडाची पेटी. उघडी फक्त पुढच्या बाजूने. आत दाटी झाली की डोळ्याला पुढे येण्यावाचून वाट नसते. खालचा स्नायू बहुधा आधी आखडतो. मग वर पाहणे कठीण जाते आणि एक प्रतिमा वर आणि एक खाली अशा दोन दिसतात.

एफ. एफ. रंडल यांनी १९४५ मध्ये या विकाराचा आलेख मांडला. सुरुवातीला दाह चढतो, मग काही काळ स्थिरावतो आणि हळूहळू ओसरतो. हा सक्रिय काळ बहुधा सहा महिने ते दोन वर्षांचा. त्यानंतर लाली आणि सूज जाते, पण पुढे आलेला डोळा किंवा ओढलेली पापणी पूर्णपणे जागेवर येईलच असे नाही. म्हणून नजरेला धोका नसेल, तर डोळे किमान सहा महिने स्थिर असल्याशिवाय सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. रुग्णाला सर्वाधिक जड जातो तो हाच थांबण्याचा काळ.

हा काळ रोजच्या लहानसहान गोष्टींनी सुसह्य होतो. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसतील, तर डोक्यावर गरगरणारा पंखा रात्रभर बुबुळ सुकवतो. त्यामुळे पंख्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नये, झोपताना डोळ्यांत जेल किंवा मलम घालावे आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पापणी वैद्यकीय चिकटपट्टीने मिटवून घ्यावी. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब लागतात. वारंवार घालायचे असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले बरे. उशाला जास्तीची उशी घेतली, तर सकाळची पापण्यांची सूज कमी राहते. दुचाकीवर वारा सरळ डोळ्यांत जातो, तेव्हा बाजूनेही झाकणारा चष्मा हवा. एकाचे दोन दिसत असेल, तर वाहन चालवणे थांबवावेच लागते. जिना उतरताना पायरी चुकते, चहा कपाऐवजी बशीत पडतो. चष्म्याच्या काचेवर चिकटवायची पातळ प्रिझम पट्टी किंवा एका डोळ्यावरची झापड तेवढ्यापुरते काम भागवते.

याहून अवघड भाग लोकांच्या नजरेचा. मराठीत डोळे वटारणे म्हणजे रागावणे. त्यामुळे या रुग्णाला घरी, कचेरीत 'काय झालं, चिडलात का?' हा प्रश्न सतत झेलावा लागतो. फोटो टाळणे, घरातही गॉगल न काढणे हे नेहमीचे. मनावरचा हा भार आजाराचाच भाग आहे, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तो सांगावा. तपासणीला जाताना मात्र आजाराआधीचे फोटो न्यावेत. डोळ्यांत किती फरक पडला हे त्यांवरून कळते.

रुग्णाच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे धूम्रपान सोडणे. विडी-सिगारेटने विकार होण्याची शक्यता आणि त्याची तीव्रता वाढते, उपचारांचा गुणही कमी येतो. रंग फिके दिसू लागले, विशेषतः लाल रंग विटका वाटला, नजर मंदावली किंवा बुबुळावर पांढरा डाग आला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचे. मागे डोळ्याची नस दाबली जात असू शकते किंवा बुबुळाला जखम झालेली असू शकते.

मध्यम ते तीव्र सक्रिय विकारात शिरेतून स्टेरॉइड देतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शनात १२ आठवड्यांत एकूण ४.५ ग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) हा नेहमीचा क्रम आहे. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये या विकारावरच्या टेप्रोटुमुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. हे औषध महागडे आहे, आणि श्रवणशक्ती व रक्तशर्करा यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. शस्त्रक्रियांचा क्रम ठरलेला असतो: आधी खोबण मोकळी करणे, मग तिरळेपणा, शेवटी पापणी. थायरॉइडसाठी दिलेले किरणोत्सारी आयोडीन काही रुग्णांत डोळे बिघडवते. त्यामुळे ते घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत आणि गरज असल्यास स्टेरॉइडचे संरक्षण घ्यावे.

डोळ्यांबरोबर शरीरही मागे रेंगाळते. उपचार सुरू झाल्यावर टी-३ आणि टी-४ हे थायरॉइडचे हार्मोन ताळ्यावर येतात, पण दबलेला टीएसएच वर यायला कित्येक महिने लागू शकतात. मांड्यांचे स्नायू झिजलेले असतात, म्हणून मांडी घालून बसलेले माणूस उठताना जमिनीला हात टेकते. केस गळणे तर बऱ्याचदा हार्मोन सुधारू लागल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जाणवते. आजारात उतरलेले वजन परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. थकवा, उथळ झोप आणि चिडचीड यांना घरचे 'आता तर रिपोर्ट नॉर्मल आहे ना' म्हणून गप्प करतात, तो अन्याय आहे.

ग्रंथी काढल्यावर किंवा आयोडीनने निकामी झाल्यावर लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, गोळी कायमची लागते. आपल्याकडे ती हमखास फसते सकाळच्या चहापाशी. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. डोस बदलल्यावर साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. त्याआधीची तपासणी पैसे वाया घालवते. टीएसएच योग्य असूनही थकवा हटत नसेल, तर डोस वाढवत नेण्यापेक्षा हिमोग्लोबिन, बी-१२, झोपेतील श्वासाचा अडथळा आणि नैराश्य यांचा शोध घ्यावा.

केस गळतात म्हणून अनेकजण दुकानातून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतात. बायोटिनची मोठी मात्रा काही प्रयोगशाळांच्या चाचण्यांना चकवते: टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येतो, प्रतिपिंडेही वाढलेली दिसू शकतात. हुबेहूब ग्रेव्हज परतल्यासारखा रिपोर्ट. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी, आणि आपण ती घेतो हे डॉक्टरांना सांगावे.