शिकारखाना बुडाला, बंदुका उरल्या

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला तलवारीशेजारी बारा बोरची दुनळीही पूजेला मांडतात. हळदकुंकवाचं ओलं बोट पोलादावर रात्रभर राहिलं तर सकाळी तिथे तांबूस डाग उठतो, म्हणून पूजा आटोपली की ती लगेच पुसावी लागते. ती पुसायची कोणी, हा प्रश्न पणजोबांच्या पिढीला पडत नव्हता. बंदूक सरदाराची असली तरी चिंधी नोकराच्या हातात असे. पाश्चात्त्य देशांत जुन्या शिकारी बंदुका घेऊन घरी दुरुस्त करणं हा हौसेचा भाग आहे. आपल्याकडे ते गळ्यात पडलेलं काम आहे, आणि कायद्याने त्याला तेल-चिंधीपुरतंच ठेवलं आहे.

शिंदे दरबारात शिकार हा राज्यकारभाराचाच एक भाग होता. माधवराव शिंदे (कारकीर्द 1886 ते 1925) यांच्या काळात शिवपुरी ही उन्हाळी राजधानी झाली. ग्वाल्हेरहून तिथपर्यंत 2 फूट रुंदीची चिमुकली रेल्वे गेली, आणि भोवतालचं रान दरबारच्या शिकारीसाठी राखलं गेलं. व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे तिथे वाघ मारायला येत. आज त्याच रानात माधव राष्ट्रीय उद्यान आहे, आणि 2023 मध्ये तिथे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले. असो.

हत्यारं अर्थात विलायती. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, वेब्ली अँड स्कॉट ही नावं संस्थानी हिंदुस्थानात सगळीकडे ठाऊक होती. बराचसा माल कलकत्त्याच्या मॅन्टन किंवा रॉडा यांच्या पेढ्यांमार्फत येई. 1878 चा शस्त्र कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता, संस्थानांत राज्य दरबारी हुकमाचं. तरीही बंदरावर माल इंग्रजांच्याच नजरेखालून उतरे. 1907 च्या सुमारास त्यांनी .450 बोरच्या (बोर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचांत) रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोरही तोच होता आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील ही धास्ती होती. मग विलायतेतल्या कारागिरांनी .470, .465 असे नवे बोर काढले. अशी एखादी जोडनळी रायफल आज घरात असलीच, तर तिला काडतूस मिळणं जवळपास अशक्य.

साफसफाईची जुनी रीत त्या काळच्या बंदुकीच्या दारूत दडलेली आहे. काळ्या दारूची काजळी ओलावा धरते, त्यामुळे शिकारीवरून परतताच नळी गरम पाण्याने धुणं भागच होतं. 1889 मध्ये कॉर्डाइट ही नवी दारू आली, धूर कमी झाला, नळी बार काढल्यावरही चकचकीत दिसू लागली, आणि घात तिथेच झाला. काडतुसाच्या टोपीत, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. तेलात हे मीठ विरघळत नाही. वरून कितीही तेल चोपडलं तरी खाली गंज चढतच राहतो. जाणता माणूस म्हणून आधी उकळतं पाणी ओती, मग सळईला कोरडी चिंधी लावून नळी घासे आणि शेवटी रंगून तेलाचा हात फिरवी. गंज न आणणाऱ्या टोप्या 1920 नंतर हळूहळू आल्या, पण जुन्या काडतुसांचे साठे पुढे कित्येक वर्षं वापरात राहिले. आज जुन्या दुनळीत डोकावल्यावर आत बारीक खड्डे दिसतात, त्यातले बरेच या काळातले. ते घासून जात नाहीत. घासत बसलं तर नळीचा पत्रा तेवढा पातळ होतो.

28 मे 1948 ला मध्य भारत संघ झाला, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि ग्वाल्हेर संस्थान इतिहासजमा झालं. शिकारखान्यातली माणसं पांगली, हत्यारं मात्र घराघरांत राहिली. पुढे 1959 चा शस्त्र कायदा आला, 1962 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. पुसणं, तेल देणं, दस्त्याला अळशीचं तेल चोळणं मालकाच्या हातात. चाप, खटका, नळी यांना हात लावायचा तर परवानाधारक कारागिराकडेच जायचं. कलम 6 नळी आखूड करायला मनाई करतं. चंबळच्या पट्ट्यात ‘अधिया’, म्हणजे नळी कापून आखूड केलेली बंदूक, ज्यांना माहीत आहे, त्यांना हे कलम समजावून सांगायची गरज नाही.

1972 हे वर्ष या मुलखात दोनदा महत्त्वाचं ठरलं. एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने डाकूंनी बंदुका गांधीजींच्या तसबिरीपुढे ठेवल्या. सप्टेंबरमध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वाघाची शिकार त्याच्या दोन वर्षं आधीच बंद झाली होती. आता शिकारी बंदुकीचं मूळ कामच संपलं. तरी या भागातले परवाने काही कमी झाले नाहीत. बंदूक शेतीची राखण, वैर आणि लग्नाच्या वरातीतला खांदा इथे स्थिरावली.

ऐंशीच्या दशकात सर्वसामान्यांसाठी बंदुकांची आयात थांबली. सरकारी कारखान्यातली .315 रायफल आणि बारा बोर मिळे, पण जुन्या विलायती दुनळीची सर तिला नव्हती, असं मानणारे पुष्कळ. मग तीच जुनी उजळायची टूम निघाली, आणि माझ्या मते काळाने केलं नाही इतकं नुकसान या उजळणीने केलं. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी मऊ डाखाने जोडलेल्या असतात. निळा-काळा रंग चढवायला ती कढत कॉस्टिकच्या हौदात बुडवली की डाख सुटतो. पॉलिशच्या चाकावर धरली की नक्षी जाते, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के जातात, आणि नंबरही जातो. नंबर घासून काढणं कलम 8 खाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही भाबडा असो.

ते शिक्के निव्वळ शोभेचे नसतात. नळी काळ्या दारूपुरती तपासली आहे की कॉर्डाइटसारख्या नव्या दारूसाठी, हे त्यावरून कळतं. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली लहरीदार दमास्कस नळी बहुधा पहिल्या जातीतली. तिच्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे हाताची बोटं पणाला लावणं. जुन्या बारा बोरमध्ये काडतुसाचं घर पुष्कळदा अडीच इंचीच असतं. आजचं पावणेतीन इंची काडतूस आत बसतं, म्हणून फसगत होते. बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

घरातला गंज बहुतेक वेळा साठवणीने येतो. चामड्याची पेटी दिसायला देखणी, पण श्रावणात ती ओल धरते. बंदूक पेटीबाहेर, कोरड्या बंद कपाटात बरी. दस्त्याचं अक्रोडी लाकूड मेच्या उन्हाळ्यात आकसतं, पावसात फुगतं, आणि पेचाजवळ चिरतं. त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, मालखान्यात त्या भिंतीला टेकून महिनोन् महिने पडून राहतात आणि घरी येतात तेव्हा नळीच्या तोंडाशी लाली असते.

2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेल्याही त्यात धरून. ज्या घरात आजोबांची दुनळी, काकांची .315 आणि शिवपुरीच्या दिवसांतली एक रायफल होती, तिथे कोणती सोडायची यावर वर्षभर खल झाला. बहुतेकांनी काडतूस न मिळणारी रायफल विक्रेत्याकडे जमा केली.