तलवार परत आली की विकत आणली?

ऑगस्ट २०२५मध्ये प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत नागपूरचे मराठा सरदार रघुजी भोसले यांची तलवार पाहायला गेलो होतो. पात्यावर देवनागरीत सोन्याची अक्षरं: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. 'सेनासाहेब सुभा' ही त्यांची पदवी; पातं युरोपी बनावटीचं, म्हणून फिरंग. आपल्या लिपीतलं ते नाव वाचताना अंगावर काटा आला. आजूबाजूला ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "परत आली."

आनंद खरा, पण 'परत' हा शब्द तपासून घ्यायला हवा. लंडनमध्ये सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात ती निघाली, राज्य सरकारने मध्यस्थामार्फत घेतली आणि त्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजले. म्हणजे ही खरेदी झाली. हक्क मान्य होऊन वस्तू हाती येणं वेगळं.

फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे: शेवटी तोटा कोणी सोसला, ते बघायचं.

तामिळनाडूतल्या पाथूरच्या नटराजाचं उदाहरण घ्या. १९७६मध्ये एका पडक्या मंदिराच्या आवारात ही कांस्यमूर्ती जमिनीत सापडली आणि गुपचूप विकली गेली. हात बदलत ती लंडनला पोचली. १९८२मध्ये एका कॅनडियन कंपनीने ती पैसे मोजून घेतली. पुढे डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी ती ताब्यात घेतली आणि खटला उभा राहिला. दावेदारांत ते मंदिरही होतं! इंग्लंडच्या कायद्यात देवळाला कज्जा लढता येतो का, यावर मोठा खल झाला. आपल्याकडे देवाला कायद्याने व्यक्ती मानतात, त्याच्या नावावर जमीनजुमला असतो. हे आपल्याला नवं नाही. लंडनच्या अपील न्यायालयानेही मंदिराचा दावा उचलून धरला आणि १९९१मध्ये नटराज भारतात आला. मूर्तीसाठी आपण एक पैही किंमत दिली नाही. तोटा झाला तो कंपनीला.

तामिळनाडूतल्याच श्रीपुरंथानच्या नटराजाचंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८मध्ये तो सुमारे ५० लाख डॉलरना घेतला होता. चोरीचा निघाल्यावर २०१४मध्ये भारताला देऊन टाकावा लागला.

मग रघुजींच्या तलवारीला ही वाट का नव्हती? कारण तारखा. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपुरातून जे नेलं, त्यातच ती गेली असावी असं मानतात. युनेस्कोचा चोरट्या सांस्कृतिक वस्तूंविषयीचा करार १९७०चा, आपला पुरावस्तू कायदा १९७२चा. या तारखांच्या मागे जाऊन जुन्या लुटीचा हिशेब मागायची सोय त्यांत नाही. पाथूरची चोरी आपल्या डोळ्यांदेखत झाली, दोनशे वर्षांपूर्वीची लूट मात्र कागदोपत्री 'वारसाने आलेली मालमत्ता' होऊन बसते. लूट जितकी जुनी, तितकी ती सुरक्षित. हे मला अजिबात पटत नाही.

उत्तर प्रदेशातल्या पिप्राव्याच्या रत्नांमध्ये तर दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली. बुद्धाच्या अस्थींसोबत स्तूपात पुरलेली ही रत्नं १८९८मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने खणून काढली. बरीचशी कोलकात्याच्या संग्रहालयात गेली, काही त्याच्या घराण्याकडे राहिली. तीच मे २०२५मध्ये हाँगकाँगच्या लिलावात निघाली. केंद्र सरकारने कायदेशीर नोटीस धाडली, लिलाव थांबला. इथवर सगळं हक्काच्या भाषेत. पण जुलैअखेर रत्नं भारतात आली ती आपल्या मुंबईच्या गोदरेज समूहाने विकत घेतल्यावर. श्रद्धेची वस्तू बोलीच्या हातोड्याखालून सुटली, याचं समाधान मोठं आहे, आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांचे आभारच मानायला हवेत. तरीही ही रत्नं विकायचा अधिकार त्या घराण्याला होता का, या मूळ प्रश्नाचा निकाल कुठल्याही न्यायालयात लागला नाही. वर विकणाऱ्याच्या पदरात मोबदला पडला.

खरेदीला माझा विरोध नाही. तलवार दुसऱ्या कोणाच्या तिजोरीत गेली असती, तर प्रभादेवीला ती अक्षरं कोणी वाचली असती? फक्त तिला खरेदी म्हणावं. आपण तिला न्याय म्हटलं, की परदेशी कपाटांत पडलेल्या अशाच वस्तूंच्या धन्यांना कळतं की भावनेला भाव आहे, आणि पुढची बोली चढते.

वाघनखांची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्यात आली, तेव्हाही बातम्यांमध्ये 'परत' हाच शब्द होता. आली होती ती उसनी, ३ वर्षांच्या करारावर.