माउंट लॉरेल आणि न्यू जर्सीचं अफोर्डेबल हाऊसिंगचं जुनं भांडण : पार्श्वभूमी

सध्या जर्सीत कुठल्याही टाऊनशिपच्या ग्रुपवर डोकावलं तर एकच विषय दिसतो, राउंड फोर. अमुक मॉलच्या पार्किंगमध्ये ३०० अपार्टमेंट येणार, तमुक शेतावर ५०० येणार, शाळा भरून जाणार, ट्रॅफिक वाढणार, आणि मग कोणीतरी हळूच टाकतो की "टाऊनचं कॅरेक्टर बदलेल". राउंड फोर म्हणजे २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाने किती स्वस्त घरांना जागा द्यायची त्याचा हिशोब, आणि राज्याने काढलेला आकडा आहे नवीन ८५ हजारांच्या आसपास घरांचा. नवीन आलेल्या लोकांना वाटतं हे या गव्हर्नरने किंवा त्या पार्टीने आत्ता काढलेलं खूळ आहे. तसं नाहीये, याची मुळं पन्नास वर्षं मागे आहेत आणि त्याच्याही मागे गेलं तर सरळ रंगापर्यंत जातात, फक्त ते आता कोणी तोंडाने म्हणत नाही.

तीसच्या दशकातले लाल रेघांचे नकाशे, काळ्या वस्तीला कर्ज नाही, घराच्या करारातच "गोऱ्यांशिवाय कोणाला विकणार नाही" हे कलम, हे सगळं बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं म्हणून त्यात शिरत नाही. जर्सीपुरती एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १९५८ साली बर्लिंग्टन काऊंटीत विलिंगबोरो इथे एका बड्या बिल्डरने हजारो घरांची वसाहत काढली आणि उघड सांगितलं की काळ्यांना विकणार नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, मला वैयक्तिक काही नाही पण गोरं गिऱ्हाईक पळेल. आता ही घरं सरकारी हमीच्या कर्जावर विकली जात होती आणि राज्यात भेदभावविरोधी कायदा होता, त्यामुळे ज्यांना घर नाकारलं त्यातल्या दोघांची तक्रार राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६० साली बिल्डर हरला. काळी कुटुंबं आली. पुढे १९७० ते ७३ या तीनच वर्षांत गोरेतर लोक १२ टक्क्यांच्या आतून १८ टक्क्यांवर गेले आणि गोरे लोक घाबरून घरं विकायला लागले, तर गावाने घरासमोर "फॉर सेल"ची पाटी लावायलाच बंदी केली! हेतू चांगला होता, घबराट थांबवायची होती. पण १९७७ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की पाटी लावणं हे अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे, बंदी रद्द. विलिंगबोरो आज काळ्या बहुसंख्येचं गाव आहे.

माउंट लॉरेल तिथून काही मैलांवरच आहे. १९५० साली इथे जेमतेम २८०० लोक, सगळी शेती. मग टर्नपाईक आला, २९५ आला (दोन्ही मोठे हायवे), फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन हाकेच्या अंतरावर, आणि १९७० पर्यंत लोकसंख्या ११ हजारांवर. गावाने झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याचे नियम, असं केलं की राहण्यासाठी फक्त सुटी स्वतंत्र घरं, प्लॉट मोठे, अपार्टमेंट नाही, रो हाऊस नाही, मोबाईल होम तर नाहीच. चार हजार एकरांवर जमीन इंडस्ट्रीसाठी अडवून ठेवली होती आणि त्यातली प्रत्यक्षात वापरात होती १०० एकरसुद्धा नाही. ज्या मोजक्या प्लॅन्ड वसाहतींना मिश्र बांधकामाची परवानगी दिली तिथल्या अटी पुढे १९७५ मध्ये गावाविरुद्ध जो निकाल लागला त्याच्या निकालपत्रात दिल्यात, त्या वाचून मला खरंच हसू आलं. एक बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शाळकरी मूल राहता कामा नये, दोन बेडरूममध्ये जास्तीत जास्त दोन, आणि दर फ्लॅटमागे सरासरी ०.३ पेक्षा जास्त मुलं निघाली तर वरच्या मुलांच्या शाळेचा खर्च बिल्डरने भरायचा. म्हणजे माणसं नकोत असं नाही, पोरं नकोत, कारण पोरं म्हणजे शाळा आणि शाळा म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स.

याच गावात स्प्रिंगव्हिल नावाच्या भागात काळी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत होती, गोऱ्यांची सबर्ब व्हायच्या कितीतरी आधीपासून. शेतमजुरांची पडकी घरं, काही ठिकाणी तर कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करून माणसं राहायची. गाव ती घरं राहायला अयोग्य म्हणून पाडत होतं आणि पर्याय काही देत नव्हतं. लोकांनी सरकारी मदतीतून ३६ अपार्टमेंट बांधायचा प्लॅन आणला, झोनिंगमध्ये बसत नाही म्हणून तो अडकला. १९७० च्या एका रविवारी मेयर तिथल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जाऊन सांगून आले की तुम्हा लोकांना आमच्या गावात राहणं परवडत नसेल तर तुम्हाला जावं लागेल. "आमच्या गावात" हे ज्यांना सांगितलं त्यातल्या काहींचे पूर्वज मेयरच्या आधी तिथे होते. पुढच्या वर्षी केस दाखल झाली, पुढे उभ्या राहिल्या त्याच गावातल्या लहान मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई.

आता सगळ्यात वादाचा भाग. मार्च १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की वाढत्या गावाने आपल्या प्रदेशाच्या गरजेतला रास्त वाटा उचललाच पाहिजे, झोनिंग वापरून गरीब माणसाला बाहेर ठेवता येणार नाही. पण दावा लावणारे बहुतेक काळे आणि हिस्पॅनिक असूनही कोर्टाने निकालातून रंग बाजूला काढला. म्हणाले आम्ही हा प्रश्न जास्त व्यापक नजरेने बघतो, इथे अडवलं जातंय ते उत्पन्न कमी असल्यामुळे, आणि त्यात तरुण जोडपी, म्हातारी माणसं, मोठी कुटुंबं सगळेच आले. निकाल उभा केला तो राज्याच्या घटनेवर, देशाच्या नाही.

वकिली डोक्याने बघितलं तर हे फार हुशारीचं होतं. त्या काळात वॉशिंग्टनचं वारं उलटं फिरलेलं. १९७३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने शाळांच्या पैशाच्या केसमध्ये म्हटलं होतं की गरिबी हा काही भेदभावाचा खास वर्ग नाही, आणि १९७७ मध्ये शिकागोजवळच्या एका सबर्बच्या केसमध्ये तर स्पष्टच केलं की झोनिंगमुळे काळे बाहेर राहतात एवढं दाखवून भागणार नाही, तसा हेतू होता हे सिद्ध करा. हेतू कोण लिहून ठेवतो? सगळे मिनिट्समध्ये ट्रॅफिक आणि ड्रेनेजच लिहितात. जर्सीच्या कोर्टाने राज्याची घटना धरली म्हणून निकाल वरून कोणी मोडू शकलं नाही, आणि उत्पन्न धरलं म्हणून हेतू सिद्ध करायची भानगड उरली नाही.

पण याची किंमत मोजावी लागली, आणि ती ज्यांनी केस लढली त्यांनीच मोजली असं माझं मत आहे. एकदा उत्पन्न हा निकष झाला की गावाला आपला आकडा कोणाकडूनही पुरा करता येतो. गावातल्याच निवृत्त आजी-आजोबांसाठी सीनियर हाऊसिंग बांधा, आकड्यात धरलं. गावातल्याच गोऱ्या घटस्फोटित बाईला घर द्या, धरलं. त्यांनाही गरज असतेच, प्रश्न तो नाही. पण नव्वदच्या दशकात या घरांत कोण राहतंय याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की शहरातून सबर्बमध्ये आलेली काळी कुटुंबं त्यात फारच थोडी आहेत. दुसरीकडे विरोध करणाऱ्यालाही रंगाचं नाव घ्यायची गरज उरली नाही. घनता, शाळा, कॅरेक्टर, "न्यूअर्कमधले प्रॉब्लेम इकडे येतील". या शेवटच्या वाक्यात कोणाचा रंग अभिप्रेत आहे ते न्यूअर्क या काळ्या वस्तीच्या मोठ्या शहरातली १९६७ ची दंगल, २६ माणसं मेलेली, ज्यांना माहिती आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

यावर उलट बाजूचं म्हणणं असं की रंगावर निकाल दिला असता तर तो टिकलाच नसता, आणि राजकारणात दोन वर्षंही चालला नसता. असेलही.

निकालानंतर गावाने काय केलं तर कोणी बांधणारच नाही अशी, काही तर दलदलीची, २० एकर जमीन स्वस्त घरांसाठी झोन केली आणि काम झालं म्हणाले. म्हणून १९८३ मध्ये कोर्टाने दुसरा, खूप कडक निकाल दिला, ज्यात बिल्डरला हत्यार मिळालं. गाव वाटा उचलत नसेल तर बिल्डरने कोर्टात जायचं, पाचातलं एक घर स्वस्त ठेवायचं आणि बाकीची चार बाजारभावाने विकायची. म्हणजे १०० स्वस्त घरांसाठी गावात ५०० घरं येतात. आज लोक जे ओव्हरडेव्हलपमेंट म्हणून ओरडतात त्यात हा मुद्दा अगदी खरा आहे, पुराच्या भागात तर नक्कीच, सगळ्यांनाच रेसिस्ट म्हणून मोकळं होणंही चुकीचं.

गावं इतकी खवळली की १९८५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून हे काम कोर्टाकडून काढून एका कौन्सिलकडे दिलं. त्यातच एक सोय घातली, आपल्या वाट्यातली निम्मी घरं दुसऱ्या गावाला पैसे देऊन तिकडे ढकलायची. घरामागे सुरुवातीला २० हजार डॉलर, शेवटी शेवटी ३५ हजार. श्रीमंत सबर्बने चेक लिहायचा आणि ट्रेंटन, न्यूअर्क, पॅटरसनसारख्या शहरांनी त्या पैशात आपल्याच जुन्या बिल्डिंगी दुरुस्त करायच्या. शहरांनाही पैसा हवा होता त्यामुळे तिथले नेते खूश, तिथे बरेचसे काळे नेते होते हेही खरं. जिथली माणसं बाहेर पडायला बघत होती तिथेच त्यांची घरं बांधली गेली, तेही ज्या निकालाने त्यांना बाहेर पडायचा हक्क दिला त्याच्याच नावाखाली. ही सोय २३ वर्षं चालली, २००८ मध्ये बंद झाली.

माउंट लॉरेलमध्ये पहिली १०० घरं उघडली २००० साली. केसमध्ये पुढे उभ्या राहिलेल्या त्या शिक्षिका बाई १९९४ मध्येच गेल्या, वसाहतीला नाव त्यांचंच आहे. परवानगीच्या सुनावण्यांना हॉल भरून लोक आलेले, क्राइम वाढेल, घराच्या किमती पडतील. पुढे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दहाएक वर्षांचा डेटा काढून शेजारच्या तशाच गावांशी ताडून बघितलं, किमती, क्राइम, टॅक्स, कशातच फरक सापडला नाही.

यात आपण कुठे येतो? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या भारतीयांना जर्सीने काही लाल गालिचा अंथरला नव्हता. १९८७ मध्ये जर्सी सिटीतून भारतीयांना हाकलून देऊ असं पत्र पेपरात छापून आलं, त्याच वर्षी होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाण करून जीवे मारलं. एडिसनमध्ये नवरात्रीचा गरबा किती वाजेपर्यंत यावरून टाऊनशिपशी फेडरल कोर्टापर्यंत भांडण गेलं, १९९६ मध्ये. बास्किंग रिज नावाच्या गावात मशिदीला चार वर्षांत ३९ सुनावण्या घ्याव्या लागल्या आणि कारण काय, तर पार्किंग, जे चर्चला मागितलं त्याच्या दुपटीहून जास्त मागितलेलं. २०१७ मध्ये गावाने सव्वातीन मिलियन डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी एडिसनच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत निनावी पत्रकं घरोघरी आली, दोन आशियाई उमेदवारांचे फोटो आणि त्यावर "डिपोर्ट"चा शिक्का, मजकूर असा की चिनी आणि भारतीय आपलं गाव ताब्यात घेतायत, क्रिकेटची मैदानं कशाला हवीत. दोघेही निवडून आले.

आणि आता त्याच मध्य जर्सीत, एडिसन, साऊथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर, प्लेन्सबोरो, अफोर्डेबलच्या मीटिंगला माईकवर उभे राहून "आम्ही शाळेचं रेटिंग बघून इतका पैसा टाकला" म्हणणाऱ्यांत आपले लोक असतात, मराठीही असतात. त्यांची काळजी खोटी नाही, सरासरी १० हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्स भरतोय माणूस. पण "त्या टाइपचे लोक" हे शब्द मराठीत बोलल्याने काही वेगळे होत नाहीत. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत भाडेकरूचं आडनाव विचारून मग फ्लॅट "कालच गेला" सांगणारे आपणच, त्यामुळे समजायला अवघड जाऊ नये. गंमत म्हणजे या भागातली उत्पन्नाची मर्यादा इतकी वर आहे की चौघांचं कुटुंब वर्षाला लाख डॉलर कमवूनही "मॉडरेट"मध्ये, म्हणजे या घरांना पात्र असलेल्या वरच्या उत्पन्न गटात, बसतं. म्हणजे ज्यांची भीती वाटते ते "टाइप" म्हणजे बऱ्याचदा त्याच शाळेतले शिक्षक, हॉस्पिटलमधल्या नर्स, किंवा नुकताच आलेला एकट्याच्या पगारावरचा देसी.

नंतरचं थोडक्यात. १९९९ नंतर कौन्सिलला चालतील असे नियमच करता आले नाहीत, दोनदा केले, दोनदा कोर्टाने फेटाळले. मधे एका गव्हर्नरने कौन्सिलच गुंडाळायचा प्रयत्न केला, २०१३ मध्ये कोर्टाने तो अडवला, आणि २०१५ मध्ये वैतागून सगळं परत स्वतःकडे घेतलं. तेव्हापासून खरं बांधकाम वाढलं, कारण आता गाव टाळाटाळ करत बसलं तर बिल्डर उभाच. मार्च २०२४ च्या नव्या कायद्याने कौन्सिल अधिकृतपणे संपवलं, आकड्याचं सूत्र कायद्यातच लिहिलं. त्यावर डझनभराहून जास्त गावं कोर्टात गेली, मुख्य तक्रार अशी की न्यूअर्क, जर्सी सिटीसारख्या शहरांना नवीन घरांच्या वाट्यातून सूट आणि सगळा भार आमच्यावर. जर्सी सिटीत आज जे टॉवर उभे राहतायत ते बघता ही तक्रार अगदीच टाकाऊ नाही. स्थगिती मात्र मिळाली नाही.

शाळांची वेगळी केस २०१८ पासून चालूच आहे, राहत्या गावातल्याच शाळेत जायच्या नियमामुळे वर्ग रंगावर विभागले जातात असा तो दावा, आणि तिथे मात्र रंग हा शब्द अर्जातच आहे. घरांच्या बाजूला गावांनी जून २०२५ पर्यंत प्लॅन द्यायचे होते आणि त्याप्रमाणे झोनिंग बदलायची मुदत १५ मार्च २०२६.