स्वायत्त महाविद्यालय की अभिमत विद्यापीठ? अर्ज भरण्यापूर्वी समजून घ्यायचा फरक

बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या घरी महाविद्यालयांची जी यादी तयार होते, तिच्यात बहुधा दोन वेगवेगळ्या जातकुळीच्या संस्था एकाच रकान्यात बसलेल्या असतात: काही स्वायत्त महाविद्यालये आणि काही अभिमत विद्यापीठे. ‘आमचा अभ्यासक्रम आम्हीच ठरवतो, परीक्षाही आम्हीच घेतो’ असे दोन्हीकडे सांगितले जाते आणि ते खरेही असते. त्यामुळे यादी छाटताना पालक या दोहोंची तुलना थेट कटऑफवर किंवा प्लेसमेंटच्या आकड्यांवर करू लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या टप्प्यावर ही तुलना करूच नये. आधी प्रत्येक नावापुढे ती संस्था यांपैकी कोणती हे लिहावे, कारण प्रवेश कोणत्या मार्गाने होणार, शुल्क कोण ठरवणार आणि सरकारी सवलत मिळणार की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बव्हंशी त्यावरच अवलंबून असतात.

स्वायत्त महाविद्यालय हे अखेर एका विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालयच असते. विद्यापीठ अनुदान आयोग त्याला ठरावीक मुदतीसाठी स्वायत्त दर्जा देतो, आणि त्या मुदतीत ते अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते, उत्तरपत्रिका तपासते व निकाल लावते. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच मिळते. पदवी प्रमाणपत्रावर महाविद्यालयाचेही नाव असते, एवढेच. पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईचे सेंट झेवियर्स, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ही याची परिचित उदाहरणे आहेत. अभिमत विद्यापीठाचे तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम ३ नुसार केंद्र सरकार आयोगाच्या सल्ल्याने एखाद्या संस्थेला हा दर्जा देते, आणि मग ती संस्था दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या छत्राखाली न राहता स्वतःच्या नावाने पदवी देते.

हा फरक मुंबईत विलेपार्ल्याला अगदी जवळून पाहता येतो. श्री विले पार्ले केळवणी मंडळ या एकाच संस्थेचे द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त आहे, तर त्याच मंडळाच्या ‘एनएमआयएमएस’ या अभिमत विद्यापीठाचे मुकेश पटेल स्कूल ऑफ टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट अँड इंजिनिअरिंग त्याच परिसरात आहे. व्यवस्थापन एक, परिसर एक, शिकवल्या जाणाऱ्या शाखाही बऱ्याच अंशी सारख्या. तरीही संघवी महाविद्यालयात जायचे तर राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, पसंतीक्रम भरावा लागतो. त्यातही ते गुजराती भाषिक अल्पसंख्याक दर्जाचे असल्याने जागांचा एक भाग त्या समाजासाठी राखीव असतो, हे कटऑफ वाचताना ध्यानात घ्यावे लागते. मुकेश पटेल स्कूलचा अर्ज या प्रक्रियेत येतच नाही. तो विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. त्यामुळे एकीचा कटऑफ दुसरीच्या कटऑफशेजारी ठेवून ‘कोणते वरचे’ हे ठरवता येत नाही, कारण दोन्हीकडे स्पर्धेत उतरलेली मुलेच वेगळी असतात.

पैशाच्या बाबतीत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, आणि मध्यमवर्गीय घरांची फसगतही इथेच होते. राज्यातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क, ती स्वायत्त असली तरी, २०१५ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या मंजुरीने ठरते. अभिमत विद्यापीठे या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. शिष्यवृत्तीचेही तसेच. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. त्यातून खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे स्पष्टपणे वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशालाही ही सवलत मिळत नाही, म्हणजे नुसते स्वायत्त महाविद्यालय निवडून भागत नाही, तिथली जागाही कॅपमधूनच मिळालेली असावी लागते. या निर्णयास पात्र असलेल्या मुलीच्या यादीत खासगी अभिमत विद्यापीठ असायला हरकत नाही, पण त्या नावापुढे चार वर्षांचे पूर्ण शुल्क लिहिलेले असावे आणि स्वायत्त महाविद्यालयापुढे माफीनंतर उरणारा खर्च. हे दोन आकडे शेजारी आल्यावर यादी बरीचशी आपोआप छाटली जाते.

मात्र ‘अभिमत’ म्हणजे महाग आणि खासगीच, असा सरसकट ग्रह करून घेणेही चुकीचे ठरेल. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला हा दर्जा १९६४ मध्ये मिळाला. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी पूर्वी मुंबई विद्यापीठाचा विभाग होती आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, तिचे बी.टेक.चे प्रवेश आजही कॅपमधूनच होतात, आणि वर सांगितलेल्या शासन निर्णयात शासकीय अभिमत विद्यापीठांचा समावेश केलेला आहे. दर्जावरून गुणवत्ताही ठरत नाही. उत्तम अध्यापक आणि सुसज्ज प्रयोगशाळा दोन्हीकडे सापडतात, तशा दोन्हीकडे कच्च्या संस्थाही आहेत. वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएसच्या जागा नीटच्या गुणांवर केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात, राज्याच्या फेऱ्यांतून नव्हे.

संस्था कोणत्या प्रकारची, हे ओळखणे अवघड नाही. सीईटी कक्षाच्या मागील वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक महाविद्यालयाच्या नावाखाली ‘स्टेटस’ आणि ‘होम युनिव्हर्सिटी’ अशी नोंद असते. ‘अनएडेड ऑटोनॉमस’ असे दिसले की ते खासगी विनाअनुदानित स्वायत्त महाविद्यालय समजावे. अभिमत संस्थांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ च्या निकालानंतर नावात नुसते ‘युनिव्हर्सिटी’ न लिहिता अभिमत दर्जाचा उल्लेख करण्याचे बंधन आले, त्यामुळे माहितीपत्रकावरील पूर्ण नाव शेवटपर्यंत वाचावे. शंका उरल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्हींच्या स्वतंत्र याद्या आहेत. दोन्ही याद्यांत नसलेली संस्था राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ असू शकते. पुण्याचे सीओईपी पूर्वी स्वायत्त महाविद्यालय होते आणि २०२२ पासून असे विद्यापीठ झाले आहे.

एवढे झाले की एका यादीच्या दोन याद्या कराव्यात. पहिलीत कॅपमधील महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहावीत, कारण तिथे क्रमालाच महत्त्व आहे. दुसरीत क्रमापेक्षा तारखा महत्त्वाच्या असतात: प्रत्येक अभिमत विद्यापीठाची अर्जाची मुदत, परीक्षा आणि पहिला हप्ता भरण्याचा दिवस. हा दिवस अनेकदा कॅपची पहिली फेरी जाहीर होण्याआधीच येतो, आणि जागा हातची जाईल या धास्तीने पालक मोठी रक्कम भरून मोकळे होतात. प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल, हे त्या संस्थेच्या लेखी नियमांत वाचल्याशिवाय तो हप्ता भरू नये.