मतप्रतिपादक निबंधाची आखणी

वादाच्या प्रश्नावर एक बाजू घेऊन ती वाचकाला कारणांनिशी पटवून देणाऱ्या निबंधाचे विधान, मुद्दे, पुरावे आणि आक्षेप यांचा क्रम लेखनापूर्वी ठरविणे, म्हणजे त्याची आखणी होय. शालेय व्यवहारात असा निबंध बहुधा वैचारिक निबंधातच मोडतो.

आखणीत प्रथम विषयाचे विधान करावे लागते. ‘मराठवाड्यातील ऊस’ हा नुसता विषय आहे. ‘मराठवाड्यात उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करावे’ हे विधान आहे, कारण ते कोणी नाकारू शकतो. त्यानंतर पुरावे जमवून त्यांचे वजन पाहावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, ही माहिती टंचाईची तीव्रता दाखविते. त्या टंचाईला ऊस कारणीभूत होता, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. त्यासाठी हे पीक हंगामानुसार १२ ते १८ महिने शेतात उभे राहते आणि पाटपाण्यापेक्षा ठिबकावर त्याला कमी पाणी लागते, असा कारणांचा दुवा जोडावा लागतो. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हाच दुवा सहसा गळतो आणि आकडे नुसते शोभेला उरतात.

आखणीचा सर्वांत कठीण भाग म्हणजे पूर्वपक्ष, अर्थात ज्याला उत्तर द्यायचे ते विरोधी मत. न्याय, मीमांसा इत्यादी भारतीय शास्त्रांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत आहे. वरील उदाहरणात, उसाला कारखान्याकडून कायद्याने ठरलेला किमान दर मिळतो, तर सोयाबीन अनेकदा हमीभावाखाली विकावे लागते, मग ठिबकाचा वाढीव खर्च शेतकऱ्यानेच का सोसावा, हा आक्षेप बिनतोड वाटावा इतक्या ताकदीने लिहिला पाहिजे. त्याचे उत्तर सापडत नसेल, तर मूळ विधानच बदलावे, उदाहरणार्थ ‘सक्ती अनुदानासह असावी’ असे; आखणी कागदावर करण्याचा खरा फायदा येथेच मिळतो.

मुद्द्यांच्या क्रमाविषयी एकमत नाही. सर्वांत भक्कम मुद्दा शेवटी ठेवावा, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु वाचक मुळातच विरोधी मताचा असेल, तर आक्षेपाचा विचार आरंभीच केलेला बरा. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा ठेवतात, आणि प्रस्तावना पुष्कळ जण शेवटी लिहितात.