प्रोटॉनची ऊर्जा गेली कुठे?

प्रोटॉन पळवायला जिनिव्हालाच जावं लागतं असं काही नाही. खारघरला 'ॲक्ट्रेक'मध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, २०२३पासून प्रोटॉनच्या झोताने रुग्णांवर उपचार होतात. तिथे प्रोटॉनला २३० मेगा-इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ऊर्जा मिळते (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक). वेग प्रकाशाच्या साधारण ६० टक्के. शरीरात शिरल्यावर प्रोटॉन वाटेत ऊर्जा हात राखून खर्च करतो आणि थांबता थांबता उरलेली एकदम सोडतो, नेमकी गाठीत. पलीकडच्या निरोगी भागाला जवळजवळ काही लागत नाही. कुठे किती ऊर्जा पडणार, हे आधीच ठरलेलं असतं.

जिनिव्हाजवळ फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवर, २७ किलोमीटर घेराच्या 'लार्ज हेड्रॉन कोलायडर' या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात हाच प्रोटॉन ६.८ टेरा-इलेक्ट्रॉन व्होल्टला पोचतो; टेरा म्हणजे मेगाच्या दहा लाख पट. खारघरच्या जवळजवळ ३० हजार पट! समोरून तितक्याच जोराचा दुसरा येतो. आणि इथे ऊर्जा कुठे जाणार, ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

क्वार्क नावाचे तीन मूलकण म्हणजे प्रोटॉन, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र इथे तोकडं पडतं. आत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांची आणि क्षणभर उमटून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांची नुसती दाटी असते. अख्खे प्रोटॉन भिडतच नाहीत. याच्यातला एखादा ग्लुऑन त्याच्यातल्या ग्लुऑनला भिडतो, उरलेला राडारोडा झोताच्याच दिशेने निघून जातो. २०१२च्या जुलैत ज्याचा शोध जाहीर झाला, तो हिग्ज बोसॉन, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण, मुख्यतः अशाच ग्लुऑनच्या टकरीतून जन्मतो, तोही अब्जावधी टकरींत एखादाच.

मग हिशेब लावायचा कसा? झोताला काटकोनात बघून. टकरीआधी दोन्ही प्रोटॉन सरळ रेषेत येतात, म्हणजे आडव्या दिशेचा संवेग शून्य. टकरीनंतरही सगळ्या तुकड्यांची आडवी बेरीज शून्यच यायला हवी. डावीकडे कणांचा फवारा आणि उजवीकडे शुकशुकाट असेल, तर काहीतरी न दिसता निसटलं. बहुतेकदा तो न्यूट्रिनो असतो, कशातूनही आरपार जाणारा अतिहलका कण. कृष्णद्रव्याचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा कण तयार झालाच, तर तोही असाच निसटेल.

किंवा आपलं यंत्रच गळकं असेल! ही शक्यता मला सगळ्यात रंजक वाटते. कोलायडरवर टकरींतले कण टिपणाऱ्या 'सीएमएस' शोधकयंत्राच्या मधल्या भागात चुंबकाच्या आत जागा कमी, त्यामुळे जोरदार कणांचा फवारा तिथे पुरता जिरत नाही. निसटलेली ऊर्जा मोजली नाही, तर गळतीलाच नवा शोध समजायची पंचाईत. म्हणून चुंबकाच्या बाहेर सिंटिलेटर नावाच्या प्लास्टिकचा आणखी एक थर बसवला. कण गेला की त्या प्लास्टिकमध्ये प्रकाश चमकतो. हा थर कुलाब्याच्या टीआयएफआरने, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, पंजाब विद्यापीठाच्या साथीने तयार केला. हिग्जच्या बातम्यांत त्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही, पण हिशेबनीस कुणाला आठवतो?

त्यातून प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा, आणि दर वेळी पन्नास-साठ टकरी एकदमच होतात. ठाणे स्टेशनात संध्याकाळी सगळ्या फलाटांच्या घोषणा एकदम कानावर आदळाव्यात, तसं. कुठला कण कुठल्या टकरीतला, हे त्याचा माग उलटा काढून ठरवतात. यंत्राच्या पुढच्या टप्प्यात एका वेळच्या टकरी १४० ते २००वर जातील, तेव्हा नुसता माग पुरणार नाही. म्हणून 'सीएमएस'मध्ये वेळ मोजणारा नवा थर येतोय: सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोसेकंद म्हणतात, असे तीस-चाळीस पिकोसेकंदांचे फरक टिपून तो एकाच पुंजक्यातल्या टकरी पुढे-मागे लावेल.