एसडब्ल्यूआर उत्तम, पण आवाज कुठे आहे?

हॅम रेडिओवाल्यांच्या सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी हवेवर भरणाऱ्या बैठकीत, कुणी नवा अँटेना चढवल्याचं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एसडब्ल्यूआर किती आला?" एसडब्ल्यूआर म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, अँटेना रेडिओशी किती जुळला ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी. समोरून "वन पॉइंट वन" असं उत्तर आलं की सगळे अभिनंदन करतात. तो गडी ऐकू कसा येतोय, हे मात्र कुणी विचारत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या हॅम मंडळींना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय: एसडब्ल्यूआर हा एक प्रश्न आहे आणि अँटेना किती चांगला हा दुसरा.

एसडब्ल्यूआरबद्दल फार लिहीत नाही, परवान्याच्या परीक्षेसाठी तुम्ही तो वाचलेलाच आहे. रेडिओला ५० ओहमचा भार हवा असतो, तो किती जुळला ते हा आकडा सांगतो. १.५ ला ४ टक्के पॉवर परत फिरते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. २ च्या वर गेलं की हल्लीचे बहुतेक रेडिओ आतले ट्रान्झिस्टर जपण्यासाठी स्वतःच पॉवर उतरवतात. १.५ चा १.१ करण्यासाठी अख्खा रविवार शिडीवर घालवू नका, पलीकडच्याला त्यातला फरक ऐकूच येत नाही.

अँटेनाची कार्यक्षमता म्हणजे वर पोचलेल्या पॉवरपैकी किती लहरी होऊन बाहेर गेली आणि किती उष्णता होऊन जिरली. एसडब्ल्यूआर मीटर हे दाखवत नाही. डमी लोड घ्या, म्हणजे चाचणीपुरता अँटेनाच्या जागी जोडायचा रोधक. ५० ओहमचा तो रोधक जवळजवळ सगळ्या बँडवर १:१ दाखवतो, पण त्यात घातलेली सगळी पॉवर उष्णतेत जाते. मीटरवरूनच अँटेना पारखायचा तर डमी लोडच गच्चीवर बांधावा लागेल.

खरी फसगत करते ती रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी कोॲक्स केबल. आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त म्हणून बरेच जण टू मीटर बँडलाही (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) तीच ओढतात. ३० मीटर आरजी-५८ मध्ये १४५ मेगाहर्ट्झला साधारण ६ डीबी (डेसिबल) जातात, म्हणजे वरपर्यंत पाव भागच पॉवर पोचते. आता वरून अँटेना काढून टाका आणि टोक उघडं ठेवा. पोचलेली सगळी पॉवर तिथून परत फिरते, पण येताना पुन्हा ६ डीबी गमावते. खाली मीटरपाशी येतो फक्त सोळावा हिस्सा, आणि मीटर दाखवतं सुमारे १.७. अँटेना नाहीच, तरी १.७! केबल जितकी खराब, तितका आकडा गोड.

माझ्याच घरी हे झालं. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात माझ्या टू मीटरच्या व्हर्टिकलचा (उभ्या अँटेनाचा) एसडब्ल्यूआर १.६ होता. गणपती झाल्यावर पाहिला तर १.२. मला वाटलं, अँटेना आता बसला नीट. पण बेळगावहून रोज बोलणारे काका म्हणाले, "अहो, तुमचा आवाज पार बसलाय, नुसती खरखर येत्येय." अँटेना उतरवला, कनेक्टरपासून वीतभर केबल कापली आणि चाकूनं वरचं आवरण सोललं. आतली तांब्याची जाळी काळी पडली होती, केबल वाकवली तर टोकातून पाणी ठिबकलं. मीटर ज्याला "जुळणी" म्हणत होतं, ते हे पाणी होतं. नवी केबल घातली, एसडब्ल्यूआर परत १.६ वर गेला आणि काकांना आवाज स्वच्छ मिळाला. तेव्हापासून मिरगाआधी जसं घर शाकारतो, तसे सगळे कनेक्टर सोडवून पाहतो आणि नवी रबर टेप ताणून गुंडाळतो.

तुमची केबल तपासायला ॲनालायझर (अगदी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र) लावा, नॅनोव्हीएनए हा छोटा ॲनालायझर असेल तर उत्तमच. रेडिओची पूर्ण पॉवर उघड्या टोकावर कधी सोडू नका. वरून अँटेना काढा, टोक मोकळं ठेवा आणि खाली मोजा. आकडा खूप मोठा आला तर केबल ठीक. २ च्या आसपास आला तर तिच्यात पॉवर जिरतेय.

दुसरी फसगत फोर्टी मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) व्हर्टिकलची. पाव तरंगलांबीचा, साधारण १० मीटर उंच खांब, जमीन आदर्श असेल तर सुमारे ३६ ओहम देतो, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४. रेडियल तारा (खांबाच्या बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या) कमी असतील आणि जमिनीत १४ ओहमचा तोटा असेल, तर बेरीज होते बरोबर ५०. मीटर १:१ दाखवतं, मालक खूश, आणि १०० वॅटमधले २८ मातीत जातात. आमच्याकडे जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. तिच्यावर भिस्त ठेवू नका, तारा पसरा. परड्यात मी जसजसे रेडियल वाढवले तसतसा एसडब्ल्यूआर चढत गेला, कारण जमिनीतला तोटा घटला की बेरीज ५० वरून ३६ कडे उतरते. ज्यांना मीटरच प्रमाण वाटतं ते इथे घाबरून तारा गुंडाळून ठेवतात.

अँटेना ट्यूनर हे नाव तर मला मुळीच आवडत नाही. रेडिओशेजारी बसलेला तो डबा वरच्या तारेला काहीही करत नाही. तो रेडिओला ५० ओहम दाखवतो, एवढंच. त्याच्यापुढच्या केबलमध्ये मूळची विजोड तशीच राहते आणि तोटाही होतच राहतो. डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन हातांची तार) लांब झाला असेल तर वर चढून तार कापा. ७.१ मेगाहर्ट्झला एकूण २० मीटर, दोन्ही बाजूंना १० – १० मीटर, हा हिशेब धरून सुरुवात करा.

आणि पुढच्या वेळी नेटवर कुणी नवा अँटेना लावल्याचं सांगितलं, तर त्याला जुना आणि नवा आळीपाळीनं जोडायला सांगा आणि दोन्ही वेळचं तुमच्या एस-मीटरचं (आलेल्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग त्याला कळवा. एक एस युनिट म्हणजे ६ डीबी, चौपट पॉवर.